मधबहीण

बरोक, २१ एप्रिल १९९६

चि. ल्यावोन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल ईस्टरच्या आधी पोचलं. आत निघालं ते असं: चहाचे दोन डबे, शब्द लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, तुझ्या दाजींसाठी लोकरीचे मोजे, आणि डोक्याला बांधायचा एक निळा रुमाल, कडेला बारीक पांढरी फुलं. पोस्टातून सोडवायला अठरा हजार रूबल पडले. तेवढ्यात आठवड्याचा पाव आला असता, म्हणून सांगते, मोजे पाठवत जाऊ नकोस, मोजे मला विणता येतात. दाजी म्हणाले, "प्रागमध्ये मेंढ्या असतात का? तिथे नुसती पुस्तकं असतात असं ऐकून होतो." पण पायात घातलेले अजून काढलेले नाहीत.

रुमालाबद्दल तू एवढंच लिहिलंस, "जिला शोभेल तिला." या घरात बाई मी एकटी. रंग माझ्या वयाला जरा भडक आहे, पण पैसे पडलेली वस्तू नुसती पेटीत ठेवणं मला जमत नाही. ईस्टरच्या प्रार्थनेला तोच बांधून गेले.

आता तुझे शब्द. सगळ्या स्लाव लोकांचे मधमाश्यांचे शब्द एका कोशात गोळा करायचे, आणि त्यासाठी सरकार पगार देतं, हे दाजींना अजून खरं वाटत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेली, मला जेवढं येतं तेवढं लिहिते. उठलेल्या मोहोळाला आपण "रोय" म्हणतो. तू लिहिलंस की रोय आणि नदी यांचं मूळ एकच, दोन्ही वाहतात म्हणून. हे मला पटलं. मोहोळ कुंपणावरून जाताना खरंच वाहतं. माशीचं नाव तिच्या गुणगुणीवरून पडलं आणि काही विद्वान बैलाचं नावही त्याच आवाजावरून आलं म्हणतात, हे मात्र दाजींनी गोठ्यात जाऊन बैलाला सांगितलं. बैलाला काही वाटलं नाही.

अस्वलाची गोष्ट मी दोनदा वाचली. आपण त्याला "म्यादवेद्झ" म्हणतो, म्हणजे मध खाणारा, हे कधी मनातच आलं नव्हतं. दूर हिंदुस्थानातही मधाला जवळजवळ आपलाच शब्द आहे म्हणतोस. आणि अस्वलाचं खरं नाव जंगलात घ्यायला लोक भीत, म्हणून कुणी ते घेईना, आणि शेवटी ते हरवलंच, आता कुणालाच ठाऊक नाही. दाजी म्हणतात, "मी तुझं नाव घ्यायचं सोडलं तर तूही हरवशील का, विचार त्याला."

तू आणखी विचारलंस की राणीमाशीला समोरच्या घरात काय म्हणतात, आणि तिथलं कोण आता माश्या बघतं. राणीला सगळे "मात्का" म्हणतात, आई. समोर वेगळं काय म्हणणार? पण मला विचारायला जाता येत नाही, हे तुला माहीत असून विचारतोस. ज्या वर्षी तू दोन वर्षांची शिष्यवृत्ती संपवून परत येणार होतास आणि आला नाहीस, त्या वर्षी समोरच्या अस्ताप काकांनी तुमच्या साखरपुड्याचा पंचा आमच्या फाटकाला बांधून परत केला. तुझे आणि त्यांच्या मुलीचे, नास्ताचे हात ज्याने बांधले होते तोच. बाबांनी तो सोडला, धुतला आणि पेटीत ठेवला. तेव्हापासून रस्त्याच्या या बाजूला आम्ही आणि त्या बाजूला ते. देवळात मेणबत्तीसुद्धा एकमेकांच्या ज्योतीवर लावत नाही. बाबा गेले तेव्हा अस्ताप काका शवपेटीमागून चालले, पण शब्द बोलले नाहीत.

नास्ता गावच्या दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलेलं नाही. माश्या तीच बघते.

बाबांनी माश्यांसाठी पोखरलेल्या ओंडक्यांपैकी आता ओकच्या झाडावरचा एकच भरलेला आहे. बाकीच्या माश्या थंडीत वारल्या. तुझ्या कोशात हेही लिही, की आपण गुराला मेलं म्हणतो पण माशी वारते, माणसासारखी.

तिथल्या त्या ग्रंथालयातल्या बाईंबद्दल तू बरेच दिवस काही लिहिलं नाहीस, म्हणून मीही विचारत नाही.

तुझी ताई,
उलिता

बरोक, १० जून १९९६

चि. ल्यावोन यास आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांना नंतर येते. आधी जे झालं ते ऐक, कारण यात देवाचा हात आहे असं मला वाटतं.

शनिवारी दुपारी ओकवरचं मोहोळ उठलं. मी पातेलं बडवत, पाणी शिंपडत मागे पळाले, पण ते रस्ता ओलांडून थेट अस्ताप काकांच्या नासपतीवर जाऊन बसलं. एवढं गाव पडलंय, एवढं रान पडलंय, आणि बसलं कुठे तर तिथे. दाजी फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बाप गेल्यावर माश्यांनाच अक्कल आली म्हणायची."

रीत तुला माहीत आहे, पण बाहेर राहून विसरला असशील. दुसऱ्याच्या झाडावर मोहोळ बसलं तर मालकाने त्याच दिवशी परत आणायचं, नाहीतर तिथेच राहू द्यायचं. राहू दिलं, आणि त्या घराने पांढरं कापड पसरून घेतलं, की दोन्ही घरं एक होतात. दूधभाऊ असतो तसा मधभाऊ, मधबहीण. मग भांडण राहत नाही, मागचं सगळं पुसलं जातं. त्या मोहोळाचा पहिला मध एका टेबलावर बसून खाल्ला की नातं पक्कं.

मी पोतं घेऊन निघाले होते. रस्त्याच्या मध्यावर माझे पाय थांबले. परत फिरले, पोतं ठेवलं, पाव घेतला, तुझा निळा रुमाल बांधला आणि गेले.

अस्ताप काका ओसरीत बसले होते. म्हणाले, "कोण, उलिता का? फाटक सापडलं तर तुला. मला वाटलं, तुमच्याकडून इकडे दिसत नाही."

"माश्यांना दिसलं, काका."

"त्यांना शिकायला कुठे बाहेरगावी पाठवलं नाही ना, म्हणून."

मी ते गिळलं. पाव पुढे केला आणि म्हणाले, "मोहोळ मागायला आले नाही. राहू द्यायला आले." म्हाताऱ्याने पाव हातात घेतला. मग टोपी काढली. रागावलेला माणूस एकदम रिकामा होतो तसे दिसले ते.

नास्ता शिडीवर होती, तोंडाला जाळी नाही, हातात मोजे नाहीत. मी म्हटलं, "अगं, चावतील." ती म्हणाली, "रोज गावाला मी टोचते, मला कोण टोचणार?" मग खाली उतरली. माझ्या डोक्याकडे बघत होती.

"रुमाल छान आहे, ताई. कुठला?"

"ल्यावोनने पाठवला प्रागहून."

"तुला?"

"मग कुणाला?" मी हसून म्हटलं.

तिने हात पुसले. मग म्हणाली, "नीट विचार केलास ना? हे परत मागता येत नाही. मधभावंडांत काय चालतं आणि काय चालत नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मधभावंडांत लग्न होत नाही, जसं बाप्तिस्म्यातल्या धर्माच्या आईबापांच्या घरात होत नाही. पण तुमचा तो विषय सात वर्षांपूर्वीच मिटला, तूच मिटवलास. जे मुळात उरलं नाही ते सोडायला मला काय जड? मी म्हटलं, "विचार केला." ती घरात गेली, तिने चादर आणली. तिच्या रुखवताची होती, कडेला तिनेच भरलेली लाल नक्षी मी ओळखली. ती झाडाखाली पसरली आणि फांदी हलवली. माश्या चादरीवर पाण्यासारख्या ओतल्या गेल्या.

अस्ताप काका म्हणाले, "आता मला प्रागमध्ये मुलगा आहे." त्यांना रडू येत होतं. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बटाट्याची धिरडी आणि ताक. इतक्या वर्षांनी मी त्या घरात जेवले. घरी येऊन माश्या राखणारे संत झोसीमा आणि संत सावात्सी यांच्या चित्रासमोर दिवा लावला, तेल महाग असूनही रात्रभर ठेवला.

तुझ्यावरचं ओझं उतरलं, बाळा. आता तू गावात डोळे वर करून येऊ शकतोस.

तू विचारलं होतंस की फांदीवर बसलेलं मोहोळ किती वाट बघतं, आणि त्याला काही खास शब्द आहे का. आता विचारायला मोकळी असल्यामुळे विचारलं. अस्ताप काका म्हणतात, एखादा दिवस, फार तर दोन, मग ते जातं. नास्ता म्हणाली, "काही जास्त बघतात. मग फांदीवरच उघडं पोळं बांधतात, आणि पहिल्या थंडीत वारतात." शब्द नाही म्हणते. चिठ्ठीवर तसं लिही.

ताई

बरोक, १५ ऑगस्ट १९९६

चि. ल्यावोन यास आशीर्वाद.

जूनपासून तुझं पत्र नाही. आजारी तर नाहीस ना? की कोशाचं काम वाढलं?

काल मधाचा सण झाला. नव्या मोहोळाने पहिल्याच उन्हाळ्यात चांगला मध धरला. अणुभट्टी फुटल्यापासून तुरवच्या बाजारात मध यंत्र लावून बघतात, आपल्याकडचा स्वच्छ निघाला, देवाची कृपा. देवळात बरण्या आशीर्वादाला ठेवल्या, अस्ताप काकांची आणि आमची शेजारी शेजारी. बायका बघत होत्या. बघू देत.

मग त्यांच्याकडे टेबल मांडलं. काकडीवर मध घालून, तुला आवडायचं तसं. नास्ताने पोळं कापलं. काकांनी खाल्लं, मी खाल्लं, दाजींनी तर तिघांचं खाल्लं. नास्ता चमचा हातात घेऊन थांबली. काका म्हणाले, "मध आहे बाई, औषध नाही." मग तिने खाल्लं. सावकाश, बराच वेळ.

नंतर तिने एक बरणी भरली, झाकणावर कापड बांधलं आणि माझ्यापुढे सरकवली. "भावाचा वाटा," म्हणाली. काचेची बरणी टपालाने पाठवायची तर मधापेक्षा टपाल महाग, म्हणून प्रागच्या वाटेने वॉर्साकडे जाणारं कुणी भेटेपर्यंत ती मी देवाच्या फळीवर ठेवली आहे. पिन्स्कच्या बसचा कंडक्टर महिन्यातून एका शुक्रवारी जातो, त्याचा मेव्हणा रेल्वेत आहे.

अस्ताप काका गावभर सांगतात, माझा मुलगा शब्दांचा कोश लिहितो. काल त्यांनी मला अडवून विचारलं, "त्याला सांग, वुलेय म्हणजे मोहोळाचं घर, यात काय आहे, काढ म्हणावं." मी तू लिहिलेलं सांगितलं, की मूळ अर्थ पोकळी, आणि रस्त्याला आपण वुलित्सा म्हणतो तोही तिथूनच निघाला. त्यांनी दोन घरांमधल्या रस्त्याकडे हात केला. म्हणाले, "एवढी वर्षं मी पोकळीच राखत बसलो होतो तर."

नास्ताने तुझी विचारपूस केली नाही. पण मी तिला तुझी अस्वलाची गोष्ट सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती.

ताई

बरोक, २ सप्टेंबर १९९६

ल्यावोन,

तुझं दोन ऑगस्टचं पत्र २९ तारखेला मिळालं. चार पानं, आणि त्यात एकही माशी नाही. उभ्याने वाचायला घेतलं, बसून संपवलं.

तू सगळं लिहिलंस. ग्रंथालयातली ती बाई तीन वर्षांपूर्वी तुला सोडून गेली. तुला परत यायची लाज वाटत होती. वर्षभर तू समोरच्या घराचे शब्द विचारत होतास, त्यात तुला शब्द नको होते. मोहोळ किती वाट बघतं, हे तू मोहोळाबद्दल विचारलं नव्हतंस. निळा रुमाल माझा नव्हता. आणि आता तू ऑक्टोबरातल्या पोक्रोवच्या सणाला सुट्टी काढून येणार, म्हणून आधी मी तिला विचारावं, की अजून काही उरलं आहे का.

बाळा, माझं जूनचं पत्र तुला मिळालं नसणार तोवर, वाटेत कुठे अडकलं होतं देव जाणे. आता मिळालं असेल. ते वाचून तू काय केलंस ते मला कळत नाही, म्हणून चार रात्री झोप नाही.

तू माश्यांचे शब्द विचारत राहिलास आणि मी शब्दच पाठवत राहिले. प्रत्येक शब्द नीट विचारून, शुद्ध लिहून. मला वाटायचं, भावाला मदत होते आहे. तो रुमाल बांधून मी तिच्या दारात गेले आणि "मग कुणाला" म्हणून हसले, आणि मग तिने रुखवताची चादर आणली. मी नुसती बोडक्या डोक्याने गेले असते तर तिने काय केलं असतं? हे मी देवाला विचारते. 

आधी पाद्रीबाबांकडे गेले. नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, "चर्चच्या नियमात माश्यांचं काही नाही, उलिता. माझ्याकडून हरकत नाही. पण हरकत घेणारे माझं ऐकायचे नाहीत." ते खरं आहे. अस्ताप काकांनी तुला माफ केलं ते मुलगा म्हणून. जावई म्हणून कधी केलं नसतं, आणि आता मुलगा काढून जावई कसा देऊ त्यांना?

मग रुमाल धुतला, इस्त्री केली, आणि दवाखान्यात गेले. ती सुया उकळत होती. मी टेबलावर ठेवून म्हटलं, "हा तुझा."

"तुझ्या डोक्यावर बघितलाय मी."

"त्याने तुला पाठवला होता. मला आता कळलं."

तिने गॅस बारीक केला. "पत्र आलंय?" म्हणाली. मी दिलं. तुला न विचारता दिलं, ते मला माफ कर. तिने खिडकीशी उभं राहून चारही पानं वाचली, परत पहिल्यापासून वाचली. मग म्हणाली, "यात माझं नाव कुठे आहे, ताई?"

मी पत्र घेतलं आणि शोधलं. ल्यावोन, तू चार पानांत "ती" लिहिलंस. "तिला विचार, ती कशी आहे, तिने लग्न का नाही केलं." सगळीकडे ती. मग मी मनात मागची पत्रं आठवली. सात वर्षांत तू "समोरचं घर" लिहिलंस, "अस्तापांच्या घरात" लिहिलंस, नाव एकदाही नाही.

ती म्हणाली, "अस्वल केलं की माझं. इतकी भीती वाटायची?"

हसत होती, आणि सुया एकेक मोजून ताटात ठेवत होती.

मी म्हटलं, "तू ती चादर रागाने पसरलीस का?"

"नाही. राग असता तर मोहोळ पोत्यात घालून परत दिलं असतं. थकले होते मी. म्हटलं, बहीण तर बहीण, काहीतरी एक नाव मिळेल." मग विचारलं, "त्याने बरणी खाल्ली?"

"पाठवलीच नाही अजून. टपाल महाग."

तेव्हा ती खरी हसली, पोटातून, डोळे पुसण्याइतकी. "तुझा कंजूषपणा देवाने कशासाठी दिला ते आज कळलं." मग खुर्चीवर बसली. "मी खाल्लाय, ताई. बाबांनी खाल्लाय, तुम्ही दोघांनी खाल्लाय. त्याने नाही. त्याने खाल्ला तर भाऊ. नाही खाल्ला तर मी त्याची कोण, ते मला माहीत नाही. असं आजवर झालेलं कुणी सांगत नाही."

"अस्ताप काकांना काय सांगायचं?"

"ते मी बघेन. पण मी काही ठरवणार नाही. मी एकदा ठरवलं, शिडीवरून उतरून. आता त्याने ठरवावं, आणि कुणाच्या आडून नाही."

रुमाल तिने घेतला नाही, परतही दिला नाही. दवाखान्याच्या खुंटीला लावला, तिच्या कोटाशेजारी. मी निघाले तेव्हा तिथेच होता.

मला वाईट वाटतं, पण कशाचं सगळ्यात जास्त ते नीट सांगता येत नाही. मी जे केलं ते प्रार्थना करून केलं, आणि गावातल्या कुणाही शहाण्या बाईने तेच केलं असतं. अस्ताप काका आता रोज सकाळी रस्त्यापलीकडून मला हाक मारतात. त्यांची ती हाक मला हवी होती, तू गेलास तेव्हापासून. आता ती ऐकली की मी ओ देते आणि घरात पळते.

तू आलास तर पोक्रोवला जागा आहे, बाबांची खाट रिकामी आहे. नाही आलास तरी मी समजून घेईन. पण आधी बरणीचं सांग. ती देवाच्या फळीवर आहे, मध अजून पातळ आहे, थंडी पडली की गोठेल. कंडक्टर महिन्यातून एकदाच जातो, पण तुझं उत्तर येईपर्यंत मी बरणी हलवत नाही. मी त्याच्या हाती बरणी देऊ की नको, एवढं उलट टपाली कळव.

आणि ते पत्र मला लिहू नकोस. पत्ता समोरच्या घराचा घाल, आणि पाकिटावर तिचं नाव लिही. पूर्ण, बापाच्या नावासकट, तुझ्या हाताने. मी रस्त्याच्या या बाजूला थांबते.

ताई